पहिल्यांदा 'रोमन हॉलिडे' पाहणाऱ्यांसाठी: प्रत कोणती घ्यावी, लक्ष कुठे ठेवावं

विल्यम वायलर यांचा 'रोमन हॉलिडे' १९५३ साली आला. युरोपच्या दौऱ्यावर असलेली एक तरुण राजकन्या रोममधल्या मुक्कामात रात्री गुपचूप बाहेर पडते, एका अमेरिकन बातमीदाराच्या गळ्यात पडते आणि पुढचा अख्खा दिवस दोघं शहरभर हिंडतात. राजकन्या अ‍ॅन म्हणजे ऑड्री हेपबर्न, बातमीदार जो ब्रॅडली म्हणजे ग्रेगरी पेक आणि त्यांच्या जोडीला छायाचित्रकार अर्व्हिंगच्या भूमिकेत एडी अल्बर्ट. एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. स्कूटरवरचं ते छायाचित्र तर सिनेमा न पाहिलेल्यांच्याही ओळखीचं असतं.

अडचण तिथेच होते. 'गोड जुनी प्रेमकथा' एवढ्याच तयारीने बसलं की पहिला अर्धा तास रेंगाळतो, मधला भाग आवडतो आणि शेवट 'असं का केलं?' म्हणून खटकतो. खरं तर हा सिनेमा लपवाछपवीचा आहे. कोणाला काय माहीत आहे आणि कोणापासून काय लपलेलं आहे, याच्यावर त्यातला जवळजवळ प्रत्येक विनोद उभा आहे, आणि शेवटही त्याच हिशोबातून येतो. तो हिशोब पहिल्या फेरीतच हाती लागावा, म्हणून हा क्रम दिला आहे. पहिल्या चार पायऱ्यांमध्ये शेवट उघड केलेला नाही. पाचव्या पायरीपासून पुढचं सिनेमा पाहून झाल्यावरच वाचा.

पायरी १: प्रत आणि पडदा

सिनेमा ११८ मिनिटांचा आहे आणि कृष्णधवल आहे. त्याची चौकट जवळजवळ चौकोनी, १.३७ : १ या प्रमाणातली. म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर चित्र ताणलं गेलं आहे किंवा वरून-खालून कापलं गेलं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'झूम', 'वाइड' किंवा 'फुल स्क्रीन' बंद करा आणि '४:३' किंवा 'ओरिजिनल' निवडा.

याचा फटका कुठे बसतो ते सुरुवातीच्याच प्रसंगात कळतं. दूतावासातल्या स्वागत समारंभात राजकन्या अ‍ॅन पाहुण्यांना एकामागून एक भेटते आहे. उभं राहून पाय दुखायला लागतात, म्हणून ती घेरदार झग्याच्या आत हळूच एक बूट काढते, आणि तो आडवा होतो. पायाने चाचपून सापडत नाही. ती बसते तेव्हा बूट झग्याबाहेर, सगळ्यांसमोर पडलेला. हा विनोद चौकटीच्या तळाशी घडतो. खालून कापलेल्या प्रतीत तो अर्धा निघून जातो आणि राजकन्येचा चेहरा उगीचच चिंताग्रस्त वाटत राहतो.

'मोशन स्मूदिंग' हा प्रकार (प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते) पूर्ण बंद करा. त्याने जुना सिनेमा टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा. 'व्हिव्हिड'मध्ये कृष्णधवल चित्राला निळसर झाक येते आणि पांढरे भाग फटफटतात. उत्तरार्धात नदीवरच्या रात्रीचा मोठा प्रसंग आहे, त्यामुळे खोलीत अंधार हवा. ध्वनी मोनो आहे. साउंडबार असेल तर सराउंडचे कृत्रिम परिणाम बंद करा, नाहीतर संवाद मागे पडतात.

प्रत निवडताना पॅरामाउंटने दुरुस्त करून २०२० साली ब्लू-रेवर आणलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. इंटरनेटवर रंग भरलेले तुकडे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. हा सिनेमा रोममध्येच चित्रित करायचा, स्टुडिओतला खोटा रोम नको, हा वायलर यांचा आग्रह होता. त्यापायी खर्च वाढला आणि रंग सोडून द्यावा लागला. मग छायाचित्रकार फ्रांझ प्लानर आणि ऑन्री आलेकाँ यांनी करड्या छटांवरच काम केलं: दुपारच्या उन्हात तापलेला दगड, रात्रीचं ओलं फरसबंद, वाड्यातले चकाकणारे मजले. वरून रंग चढवला की हे सगळं सपाट होतं.

आपल्या हातातली प्रत जुनी की सुधारलेली, हे ओळखायची सोपी खूण नामावलीत आहे. मूळ कथा डाल्टन ट्रम्बो यांची. पण ते 'हॉलिवूड टेन'पैकी एक. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून झालेल्या चौकशीत उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून १९५० साली तुरुंगात गेले आणि हॉलिवूडने काम न देण्याच्या काळ्या यादीत अडकले. त्यांचं नाव पडद्यावर येणं शक्यच नव्हतं. मित्र इयन मॅक्लेलन हंटर यांनी आपलं नाव पुढे केलं आणि कथेचं ऑस्करही हंटर यांच्या नावावर जाहीर झालं. ट्रम्बो १९७६ साली वारले. ऑस्कर त्यांच्या पत्नीकडे आलं ते १९९३ मध्ये, आणि अमेरिकेतल्या लेखक संघटनेने पटकथेचं श्रेय अधिकृतपणे परत दिलं ते २०११ मध्ये. जुन्या प्रतींत कथेसमोर फक्त हंटर यांचं नाव दिसतं, नव्या प्रतींत ट्रम्बो आहेत. दुसऱ्याच्या नावाने जगणाऱ्या माणसांची ही गोष्ट अशा परिस्थितीत लिहिली गेली, हे मनात ठेवून पाहा.

पायरी २: भाषा आणि सबटायटल्स

इंग्रजी सबटायटल्स लावाच. पेकचं बोलणं सरळ आहे, पण त्याचा संपादक आणि अर्व्हिंग हा छायाचित्रकार मित्र भराभर बोलतात आणि पैशांचे आकडे त्याच बोलण्यात येतात.

इटालियन संवाद मात्र मुद्दाम भाषांतराविना ठेवले आहेत. बातमीदार जोच्या खोलीत झाडलोट करणारी बाई अ‍ॅनला बघून जो काही तोंडाचा पट्टा सोडते, त्याचा शब्दन्‌शब्द कळायची गरज नाही. परक्या पुरुषाच्या खोलीत आंघोळ करणारी मुलगी बघून घरातली मोठी बाई काय बोलेल, ते सूर ऐकूनच कळतं. तिथे सिनेमा थांबवून अर्थ शोधत बसू नका.

पायरी ३: बसण्याआधी एवढंच माहीत असू द्या

राजकन्येच्या देशाचं नाव सिनेमाभर कुठेही येत नाही. ते शोधू नका, मुद्दामच ठेवलेलं नाही.

सुरुवात बातमीपटाने होते: लंडन, अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस आणि मग रोम. त्या काळी मुख्य चित्रपटाआधी खरे बातमीपट दाखवत, आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनचे दाखवत तसेच. १९५३ च्या प्रेक्षकाला क्षणभर हे खरंच वाटलं असणार. शिवाय त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या राणीचा राज्याभिषेक झाला होता आणि राणीची बहीण राजकन्या मार्गारेट व घटस्फोटित अधिकारी पीटर टाउनसेंड यांच्या प्रेमप्रकरणाची वर्तमानपत्रांत चर्चा होती. राजघराण्यातल्या मुलीने मनासारखं वागावं की कर्तव्य पाळावं, हा प्रश्न लोकांच्या तोंडी होता.

दुसरं म्हणजे पैसे. इथे विनोदाचा मोठा भाग लिरांमध्ये आहे आणि आकडे कळले नाहीत तर गंमत जाते. जो अ‍ॅनला हजार लिरा देतो तेव्हा ती एवढे कसे घेऊ म्हणून संकोचते. तो सांगतो, दीडेक डॉलर होतील. तोच जो पुढे मित्राकडून तीस हजार लिरा उसने मागतो, म्हणजे जवळपास पन्नास डॉलर. तिच्यासाठी सगळेच आकडे सारखे, कारण तिने कधी पैसे हाताळलेलेच नाहीत. त्याच्यासाठी प्रत्येक नोट मोजून काढायची असते. कॅफेत बसल्यावर ती सहज शॅम्पेन मागवते, तेव्हा पेकचा चेहरा बघा. स्वतःसाठी तो थंड कॉफी मागवतो.

आणखी एक. ऑड्री हेपबर्न तेव्हा हॉलिवूडला नवखी होती आणि ही तिची तिथली पहिली मुख्य भूमिका. तिची पडदा-चाचणी सप्टेंबर १९५१ मध्ये लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत झाली. प्रवेश संपल्यावरही कॅमेरा चालू ठेवायची सूचना आधीच दिलेली होती. चाचणी संपली असं समजून ती उठून बसली, मोकळेपणी हसली-बोलली, आणि त्या तुकड्यावर वायलर यांनी तिला घेतलं. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. सिनेमाला एकूण दहा नामांकनं होती आणि तीन पुरस्कार मिळाले: अभिनेत्री, कथा आणि वेशभूषा.

पायरी ४: पहिली फेरी

सलग पाहा. मध्यंतराची सवय असेल तर स्पॅनिश पायऱ्यांवरचा प्रसंग संपल्यावर, तासाभराच्या आसपास, पाच-दहा मिनिटं थांबा. त्याआधी थांबलात तर ताण तुटतो. आणि त्यानंतर कॅफे, स्कूटर, पोलिस ठाणं असा जो वेग येतो तो मध्ये तोडण्यासारखा नाही.

पाहताना एकच काम करा. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला स्वतःला विचारा: आत्ता कोणाला काय माहीत आहे?

पहिल्या रात्री जोला ती कोण हे माहीत नाही. डॉक्टरांनी तिला झोपेचं इंजेक्शन दिलेलं आहे, ती फोरम या प्राचीन अवशेषांजवळच्या एका कट्ट्यावर पेंगते आहे, आणि तो समजतो दारू चढली आहे. ती मात्र कविता म्हणते आणि ती कीट्सची की शेलीची यावरून त्याच्याशी वादही घालते. दुसऱ्या दिवशी जो उशिरा उठतो. राजकन्येच्या पत्रकार परिषदेला गेलोच होतो अशी संपादकाला थाप मारतो, आणि संपादक त्याच्यापुढे वर्तमानपत्र टाकतो: राजकन्या आजारी, परिषद रद्द. शेजारी फोटो. इथे पहिल्यांदा पारडं फिरतं. आता जोला माहीत आहे आणि तिला माहीत नाही की त्याला माहीत आहे.

लगेच सौदा ठरतो. राजकन्येच्या खास मुलाखतीचे पाच हजार डॉलर. संपादक वर पाचशेची पैज लावतो, आणि जो आधीच त्याला पाचशे डॉलर लागतो. हरला तर देणं हजारावर जाणार. जिंकला तर न्यूयॉर्कचं तिकीट काढून कायमचं परतायचं, असा जोचा बेत. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे जो जे करतो किंवा करत नाही, त्याची किंमत याच आकड्यांत मोजायची आहे.

स्पॅनिश पायऱ्यांवर आणि लगेच पुढे कॅफेत दोघंही खोटं बोलतात. पायऱ्यांवर ती सांगते शाळेतून पळून आले; कॅफेत तिचे वडील काय करतात असं विचारल्यावर, तर साधारण जनसंपर्काचं काम. तिथेच तो म्हणतो मी विक्रीच्या धंद्यात, खतं वगैरे. हे प्रसंग हलके आहेत म्हणून अनेकांचं लक्ष आइस्क्रीम आणि शॅम्पेनकडे जातं, पण पुढचं सगळं याच थापांवर चालतं. मग कॅफेत अर्व्हिंग येतो, त्याला काहीच माहीत नसतं आणि ती कोणासारखी दिसते हे तो बोलून टाकायच्या बेतात असतो. जो त्याच्या अंगावर पेय सांडतो, खुर्चीवरून पाडतो. धांगडधिंगा आहेच, पण प्रत्येक पाडापाडीमागे एक वाक्य अडवलेलं आहे. मग बाजूला नेऊन त्याला पंचवीस टक्क्यांचा भागीदार केलं जातं. पाच हजारांचे पंचवीस टक्के, म्हणजे साडेबाराशे डॉलर. त्यानंतर तोही पैशासाठी गप्प बसणारा साथीदार होतो आणि सिगारेट लायटरमध्ये लपवलेल्या इवल्याशा कॅमेऱ्याने तिचे फोटो काढत सुटतो.

घरात मुलं असतील तर त्यांना खुशाल बसवा. सुरुवातीचं इंजेक्शन आणि अ‍ॅनची पहिली सिगारेट, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांचे प्रश्न येतील. आजी-आजोबांसोबत पाहायलाही काही अवघड नाही.

पहिल्या फेरीत एक गोष्ट करू नका: मध्येच मोबाइलवर 'हे खरंच कुठे शूट झालं' शोधू नका. हा सिनेमा बोलण्यापेक्षा बघण्यातून जास्त सांगतो. दहा सेकंद मान खाली गेली तर पारडं फिरलेलं कळत नाही.

पायरी ५: दुसरी फेरी (इथून पुढे शेवट उघड होतो)

आठवडाभराने पुन्हा लावा. या वेळी थांबवत, मागेपुढे करत पाहा. चार जागा नीट बघण्यासारख्या आहेत आणि त्यातली शेवटची सर्वांत जास्त.

सत्याचं मुख. सांता मारिया इन कोस्मेदिन चर्चच्या ओसरीत संगमरवराची मोठी गोल तबकडी आहे, तिच्यावर मुखवटा कोरलेला. खोटारड्याने तोंडात हात घातला तर तो तुटतो अशी दंतकथा. जो आत हात घालतो, ओरडतो, हात बाहेर ओढतो तर बाहीत पंजाच नाही. अ‍ॅन किंचाळते. पेकने हात बाहीत लपवायचं ठरवलं होतं आणि हेपबर्नला त्याची कल्पना दिली नव्हती, असं पेकने पुढे सांगितलं. किंकाळी खरी आहे. पण थट्टेच्या आधीचे काही क्षण बघा. आधी तिची पाळी असते. ती हात पुढे नेते, कचरते आणि मागे घेते. ती खोटं बोलते आहे हे तिला ठाऊक आहे. मग तो जातो, आणि तोही खोटा आहे हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. हसू येतं ते या दोन्ही गोष्टी एकदम माहीत असल्यामुळे.

कपडे. वेशभूषाकार एडिथ हेड यांनी अ‍ॅनला दिवसभर जवळजवळ एकाच पोशाखात ठेवलं आहे: पांढरा ब्लाउज, घेरदार स्कर्ट, रुंद पट्टा. सकाळी बाह्या मनगटापर्यंत आणि गळा बंद. बाजारात ती सँडल घेते, त्रेवी कारंज्याजवळच्या सलूनमध्ये केस कापून घेते, मग गळा उघडतो, बाह्या वर दुमडतात, गळ्यात छोटा रुमाल येतो. कपडे न बदलता माणूस बदलताना दाखवणं ही मोठी कारागिरी आहे. प्रत्येक ठिकाणी थांबून बाहीची उंची पाहा.

दूध आणि बिस्किटं. पहिल्या रात्री झोपण्याआधी तिच्या दिमतीची काउंटेस तिच्यापुढे दूध-बिस्किटं ठेवते, उद्याचं वेळापत्रक वाचते आणि अ‍ॅन रडकुंडीला येते. तिला गाउन नको, पायजमा हवा असतो. जोच्या खोलीत तिला पायजमा मिळतो. परत आल्यावर त्याच काउंटेसला ती शांतपणे सांगते की दूध-बिस्किटं नकोत आणि आता तुम्ही जाऊ शकता. कर्तव्याची जाणीव करून देणाऱ्या राजदूतालाही ती सुनावते: कर्तव्य कळत नसतं तर आज रात्री परतलेच नसते. पहिल्या रात्रीची मुलगी आणि ही बाई, दोन्ही प्रसंग लागोपाठ लावून पाहा. हेपबर्नने आवाज किती खाली आणला आहे ते जाणवेल.

आता शेवटची पत्रकार परिषद. आधी आवाज पूर्ण बंद करून पाहा. अ‍ॅन आत येते, रांगेवरून नजर फिरते आणि जोवर अडकते. याच क्षणी तिला कळतं की हा बातमीदार आहे, म्हणजे कालचा दिवसभर हा सगळं जाणून होता. चेहऱ्यावर एवढं सगळं येतं आणि एक रेषाही जास्त हलत नाही. सिनेमात पहिल्यांदाच दोघांनाही एकमेकांबद्दल सगळं माहीत आहे, आणि नेमकं तिथेच दोघांमध्ये दरबार उभा आहे. एक अक्षर मनातलं बोलता येणार नाही.

मग आवाज लावून पुन्हा पाहा. आता प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ ऐकू येतील. राष्ट्राराष्ट्रांतल्या मैत्रीबद्दल प्रश्न येतो. ती म्हणते माझा विश्वास आहे, जसा माणसामाणसांतल्या नात्यांवर आहे. जो गर्दीतून उत्तर देतो की तो विश्वास वाया जाणार नाही. म्हणजे बातमी छापली जाणार नाही. पाच हजार डॉलर, न्यूयॉर्कचं तिकीट आणि वर हजाराचं देणं, हे सगळं त्या एका औपचारिक वाक्यात तो सोडून देतो. मग प्रश्न येतो, कोणतं शहर सर्वांत आवडलं. प्रत्येक शहराचं काही वेगळेपण असतं अशी पढवलेली सुरुवात ती करते आणि अर्ध्यावर सोडून रोमचं नाव घेते. पुढे ठरलेला शिष्टाचार मोडून ती खाली उतरते आणि पत्रकारांशी हस्तांदोलन करते. त्या रांगेतले काही जण खरोखरच त्या काळचे वार्ताहर आहेत, आपापल्या वृत्तपत्राचं नाव सांगणारे. अर्व्हिंग तिला फोटोंचा लिफाफा देतो, रोमभेटीची आठवण म्हणून. जोपुढे ती थांबते तेवढीच, जेवढी इतरांपुढे थांबली.

दोघं एकत्र येत नाहीत म्हणून शेवट अपुरा वाटला असेल तर ही परिषद हिशोबाच्या नजरेने परत पाहा. जोने तिला बातमी परत दिली आहे आणि तिने त्याला चारचौघांत ओळख न दाखवता उत्तर दिलं आहे. विनोदी सिनेमा इतक्या गंभीर जागी येऊन पोहोचतो आणि तरी कुठे सांधा बदललेला जाणवत नाही, हे वायलर यांचं सर्वांत मोठं काम.

चुका शोधण्याची आवड असेल तर स्पॅनिश पायऱ्यांच्या प्रसंगात मागे चर्चचं घड्याळ दिसतं. त्याचे काटे शॉटगणिक उड्या मारतात. एका प्रसंगाचं चित्रण अनेक तास चालल्याचा तो पुरावा. नसते दिसले तरी काही बिघडत नाही.

पायरी ६: रोमला जाणार असाल तर

सिनेमातला भूगोल बराचसा खरा आहे. मध्यवर्ती जागा एका दिवसात पायी होतात. मात्र सिनेमातल्या क्रमाने जाऊ नका, उगाच उलटसुलट चालावं लागेल.

सकाळी मेट्रोच्या 'ए' मार्गावर स्पान्या स्थानकात उतरा. तिथून व्हिया मार्गुता जवळच आहे. ५१ क्रमांक म्हणजे जोचं घर. हाच पत्ता तो अ‍ॅनला तोंडाने सांगतो. आत माणसं राहतात, त्यामुळे अंगणाचं दार बंद असेल तर घंटा वाजवत बसू नका. परत फिरून स्पॅनिश पायऱ्या. इथे एक मोठा बदल लक्षात ठेवा: २०१९ पासून या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे आणि दंड शेकडो युरोंत जातो. राजकन्येसारखं बसून जेलातो (इटालियन आइस्क्रीम) खाणं आता जमणार नाही. उभ्याने फोटो काढा आणि जेलातो दुसरीकडे खा.

तिथून दहा मिनिटांच्या चालीवर त्रेवी कारंजं, पुढे पँथिऑन. शॅम्पेनचा तो कॅफे पँथिऑनच्या बाजूलाच चित्रित केला होता. त्रेवीपासून दुसऱ्या दिशेला पालात्सो कोलोना, जिथल्या भव्य दालनात शेवटची परिषद झाली. खासगी मालकीचा वाडा आहे, रोज उघडा नसतो. शनिवारची सकाळ हा जुना ठरलेला वेळ, पण निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ आणि तिकीट पाहून दिवस आखा. दूतावासाचं बाहेरचं रूप मात्र पालात्सो बार्बेरिनीचं आहे. तिथे आता राष्ट्रीय कलादालन आहे आणि सोमवारी बंद असतं. अ‍ॅन एका दारातून आत जाते आणि दुसऱ्याच वाड्यात पोहोचते, हे प्रत्यक्ष जाऊन आलं की लगेच लक्षात येतं.

पियात्सा व्हेनेत्सियावरून खाली चालत सत्याच्या मुखापाशी जा. रांग असते, सकाळी लवकर किंवा बंद व्हायच्या आधी गेलात तर कमी. चर्चमध्ये जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. संध्याकाळ संत आंजेलो किल्ल्यासाठी ठेवा. नाचाची नौका त्याच्याच पायथ्याशी, तिबर नदीवर होती; राजकन्या तिला परत न्यायला आलेल्या गुप्तहेराच्या डोक्यात गिटार घालते ती तिथेच. नदीकाठी खाली उतरायला पायऱ्या आहेत. पाण्यात उडी मात्र सिनेमापुरतीच.

व्हेस्पा भाड्याने मिळते. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि त्यावर दुचाकीचा शिक्का असावा लागतो, तो इथूनच काढून न्या. जुन्या भागातले रस्ते छोट्या काळ्या दगडांचे आहेत, पावसात भयंकर निसरडे होतात. मुंबई-पुण्याच्या रहदारीची सवय असली तरी मागे माणूस बसवून पहिल्याच दिवशी निघू नका. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही, रस्तोरस्ती लोखंडी नळ सतत वाहत असतात आणि पाणी पिण्याचंच असतं.

पायरी ७: यानंतर काय

आधी 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४). पळालेली श्रीमंत मुलगी आणि बातमीवर डोळा ठेवून सोबत करणारा पत्रकार, हा साचा तिथला. दिग्दर्शक फ्रँक काप्रा. 'रोमन हॉलिडे'ची कथाही वायलर यांच्याआधी त्यांच्याकडेच होती. राज कपूर-नर्गिस यांचा 'चोरी चोरी' (१९५६) ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल, कारण तो याच १९३४ च्या सिनेमावर बेतलेला आहे. अनेक जण तो 'रोमन हॉलिडे'वरून घेतला समजतात, तसं नाही. दोन्ही साचे शेजारी ठेवून पाहिले की फरक शेवटात दिसतो: तिथे मुलीच्या आड वडील आणि पैसा येतो, तो दूर करता येतो, इथे आड येतं ते तिचं स्वतःचं पद, आणि ते ती स्वतःहून परत स्वीकारते.

मग वायलर-हेपबर्न जोडीचा 'हाऊ टू स्टील अ मिलियन' (१९६६) लावा. तो रंगीत आहे, रुंद चौकटीचा आहे; टीव्हीचं सेटिंग पुन्हा बदलायला विसरू नका.